तिला कोणी विचारले? : हिंसेनंतरच्या समेटात स्त्रियांचा वाटा

संस्थेचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना स्मरणिकेत वास्तूंचा, दात्यांचा आणि कार्यकर्त्यांचा इतिहास येतो, आणि तो येणे उचितच आहे. परंतु समाजाच्या इतिहासाला आणखी एक बाजू असते, जी कोणत्याही कोनशिलेवर कोरली जात नाही. दंगल शमल्यावर, युद्ध थांबल्यावर, भाऊबंदकी संपल्यावर मोडलेला संसार आणि तुटलेला शेजार पुन्हा कोणी जोडला, ही ती बाजू होय. हे काम बव्हंशी स्त्रियांनी केले. मात्र त्या कामासंबंधीचे निर्णय बव्हंशी पुरुषांनी घेतले. या विसंगतीचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या परंपरेत या विषयाची एक अतिशय जुनी कथा आहे. भगवान ऋषभदेवांचे पुत्र भरत आणि बाहुबली यांच्यात राज्यासाठी युद्धाचा प्रसंग आला. सैन्याचा संहार टळावा म्हणून दोघा भावांनीच द्वंद्व करावे असे ठरले. बाहुबली जिंकत आला आणि त्याच क्षणी विरक्त झाला. त्याने दीक्षा घेतली, तो ध्यानस्थ उभा राहिला. अंगावर वेली चढल्या, पायाशी वारुळे वाढली, तरी केवलज्ञान होईना. आपल्याआधी दीक्षित झालेल्या धाकट्या भावांना वंदन कसे करावे, हा अहंकाराचा काटा मनात शिल्लक होता. श्वेतांबर परंपरेतील कथेनुसार त्या वेळी भगवंतांनी पाठविले ते ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींना. बाहुबली तर जमिनीवर उभा; पण बहिणींनी त्याला हत्तीवरून खाली उतरण्यास सांगितले. तो हत्ती कोणता हे त्याला उमगले, आणि वंदनासाठी पाऊल उचलताच त्याला केवलज्ञान प्राप्त झाले. दिगंबर परंपरेत हा प्रसंग निराळ्या रीतीने येतो आणि तेथे भरत स्वतः येऊन वंदन करतो.

या कथेतील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. युद्ध तर केव्हाच संपले होते. शस्त्रे खाली ठेवली गेली होती. तरीही समेट झाला नव्हता. लढाई थांबणे आणि शांतता नांदणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर या कथेत दोन बहिणींनी कापले. परंपरेने एकीला लिपीचा आणि दुसरीला अंकांचा वारसा दिला आहे. म्हणजे समेटासाठी आल्या त्या केवळ मायाळू भगिनी नव्हत्या. त्या विद्यावती होत्या आणि त्यांच्या शब्दाला वजन होते.

पिंपरीच्या शेजारची स्मृती

हा विषय आपल्या परिसरापासून दूरचा आहे, असे वाटण्याचा संभव आहे. इंद्रायणीच्या काठचे चऱ्होली, पलीकडे आळंदी, भोवती शेती, हे चित्र जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे अजून आहे. १९९७ साली चऱ्होलीचा समावेश पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत झाला आणि पुढे शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. या महानगराचा इतिहास सांगताना आपण कारखान्यांपासून आरंभ करतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, त्याचा उल्लेख सर्वत्र होतो. परंतु त्याच्याही आधी पिंपरीत माणसे आली होती ती निर्वासित म्हणून. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची तेथे छावणी झाली. आज आपण लग्नाच्या खरेदीसाठी ज्या बाजारात जातो, त्या पिंपरी कॅम्पच्या नावातील 'कॅम्प' हा शब्द त्या छावणीची खूण आहे.

छावणीतून बाजारपेठ कशी उभी राहिली याचे श्रेय आपण सिंधी बांधवांच्या व्यापारी चिकाटीला देतो, आणि ते योग्यच आहे. पण बराकीतल्या एका खोलीत चूल मांडणे, रेशनच्या रांगेत उभे राहणे, पापड लाटून चार पैसे जोडणे, वृद्धांना सांभाळणे आणि ज्यांची भाषा समजत नाही अशा शेजाऱ्यांशी ओळख करून घेणे, ही कामे कोणाच्या वाट्याला आली असतील, हे सांगावयास नको. सिंधमधील बहुसंख्य निर्वासित कराचीहून समुद्रमार्गे मुंबईस आले. पंजाबच्या तुलनेने तेथे कत्तली कमी झाल्या. पंजाबच्या स्त्रियांच्या वाट्याला जे आले, ते मात्र फार भीषण होते. आणि आपल्या विषयाचा खरा धडा तेथेच आहे.

मुक्तता झाली, पण कोणाच्या इच्छेने?

फाळणीच्या काळात दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ७५,००० स्त्रियांचे अपहरण झाले असावे, असा अंदाज अभ्यासक देतात. ६ डिसेंबर १९४७ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यात अशा स्त्रियांना शोधून परत पाठविण्याचा करार झाला. मृदुला साराभाई यांनी या कामाची धुरा वाहिली. कमलाबेन पटेल लाहोरमध्ये राहून प्रत्यक्ष काम करीत होत्या. रामेश्वरी नेहरू यांच्याकडे पुनर्वसन खात्याच्या महिला विभागाची जबाबदारी होती. सुमारे दशकभर चाललेल्या या कार्यात दोन्ही देशांतील मिळून सुमारे ३०,००० स्त्रिया व मुले परत पाठविली गेली. ज्या स्त्रिया खोल्यांत कोंडल्या गेल्या होत्या, विकल्या गेल्या होत्या, त्यांना या कार्यामुळे पुन्हा जीवन मिळाले. त्या कार्यकर्त्यांचे ऋण मोठे आहे.

पण १९४९ साली या कामासाठी जो कायदा करण्यात आला, त्यातील व्याख्या आज वाचली तरी मन अस्वस्थ होते. अपहृत व्यक्ती कोणास म्हणावे? १६ वर्षांखालील मुलगा, किंवा कोणत्याही वयाची स्त्री, जी १ मार्च १९४७ नंतर आपल्या कुटुंबापासून विभक्त होऊन परधर्मीयाच्या घरी राहत असेल. पुरुष सोळाव्या वर्षी सज्ञान ठरत होता. स्त्री साठ वर्षांची असली तरी नाही. तिने स्वतः 'मला जायचे नाही' असे सांगितले तरी त्या सांगण्याला कायद्यात स्थान नव्हते. प्रश्न उद्भवल्यास निर्णय न्यायाधिकरणाने द्यावयाचा होता.

याच्या केवळ एक वर्ष आधी जगाच्या व्यासपीठावर एका भारतीय स्त्रीने वेगळाच आग्रह धरला होता. महर्षी कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या हंसा मेहता संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, अशा अर्थाची शब्दरचना होती. तेथे सर्व मानव असे शब्द यावेत हा त्यांचा आग्रह होता आणि १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा संमत झाला तो याच शब्दांनिशी. जगाने स्त्रीला मानव म्हणून मान्य केले. घरी मात्र पुढच्याच वर्षी तिची गणना अज्ञान मुलांबरोबर झाली.

या विसंगतीची जाणीव ज्यांना सर्वप्रथम झाली, त्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्त्रियाच होत्या, ही गोष्ट इतिहासात ठळकपणे नोंदविली पाहिजे. आईला आपले तान्हे मूल मागे ठेवून यावयास सांगणाऱ्या धोरणाला कमलाबेन पटेल यांनी विरोध केला. रामेश्वरी नेहरू यांनी तर स्त्रियांच्या इच्छेविरुद्ध होणाऱ्या या पाठवणीला उघड हरकत घेतली आणि त्या या कामातून बाजूला झाल्या. काही स्त्रियांना परत आल्यावर त्यांच्याच माहेरच्यांनी उंबरठ्याच्या आत घेतले नाही. ज्या सन्मानाच्या नावाने त्यांना आणले गेले, त्याच सन्मानाच्या नावाने त्यांना दार बंद झाले. त्या सन्मानाचा अर्थ काय असावा, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

शांतता प्रस्थापित करताना स्त्रीचे रक्षण करणे आणि स्त्रीला त्या शांततेची भागीदार करणे, यांत केवढा फरक आहे, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. पहिल्या प्रकारात ती परत करावयाची वस्तू असते. दुसऱ्या प्रकारात ती आपले म्हणणे असलेली व्यक्ती असते.

एका तलवारीसाठी उपवास

त्याच काळातील दुसरे चित्र नोआखालीचे आहे. ऑक्टोबर १९४६ मध्ये पूर्व बंगालमधील या जिल्ह्यात हिंदूंवर भीषण अत्याचार झाले. महात्मा गांधी तेथे गेले आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना एकेका गावी एकटे राहावयास पाठविले. त्यांत पतियाळाच्या बीबी अम्तुस्सलाम होत्या. त्या मुसलमान होत्या आणि गांधीजींच्या आश्रमात त्यांच्या कन्येप्रमाणे वावरत. सिरंदी गावात दंगलीच्या वेळी हिंदू घरांतून पळविलेल्या तीन तलवारींपैकी एक परत मिळत नव्हती. ती परत करावी आणि गावातील मुसलमानांनी आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेची हमी घ्यावी, यासाठी त्यांनी उपवास आरंभिला. तो २५ दिवस चालला. जानेवारी १९४७ मध्ये गावातील मुसलमानांनी लेखी वचन दिल्यानंतरच तो सुटला.

जैन वाचकांना उपवासाचे मोल समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु या उपवासाचे वैशिष्ट्य असे की तो आपल्याच धर्मबांधवांच्या विवेकाला आवाहन करण्यासाठी होता. शेजाऱ्याची भीती आपल्यामुळे उत्पन्न झाली असेल, तर ती दूर करण्याचे दायित्वही आपलेच, हे त्यामागील तत्त्व. आपल्या क्षमापनेच्या परंपरेतही हेच आहे. क्षमा मागण्याचे कर्तव्य अपराध करणाऱ्याचे असते. जिच्यावर अन्याय झाला तिच्याकडून ती वसूल करावयाची नसते. समेटाच्या बैठकीत 'झाले गेले विसरून जा' असे स्त्रियांना सांगण्यात येते, तेव्हा या तत्त्वाचा भंग होतो. पुढे फाळणीनंतर याच अम्तुस्सलाम यांनी राजपुऱ्याच्या छावणीत निर्वासितांची सेवा केली आणि अपहृत स्त्रियांच्या शोधासाठीही काम केले.

नागपूरच्या दीदी

मराठी घरात जन्मलेल्या ज्या स्त्रीने हा वारसा पुढे साठ वर्षे चालविला, तिचे नाव निर्मला देशपांडे. १७ ऑक्टोबर १९२९ रोजी नागपूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील पु. य. देशपांडे हे नामवंत मराठी लेखक. त्यांच्या 'अनामिकाची चिंतनिका' या ग्रंथाला १९६२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निर्मलाताई १९५२ साली आचार्य विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीत सहभागी झाल्या आणि विनोबांबरोबर देशभर सुमारे ४०,००० किलोमीटर चालल्या.

भूदानाचा उगमच एका संघर्षानंतरच्या शांतिकार्यातून झाला होता, हे येथे सांगितले पाहिजे. तेलंगणातील सशस्त्र लढ्याने होरपळलेल्या प्रदेशात विनोबा पायी हिंडत असता १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूमिहीनांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. विनोबांनी पुढे १९५९ साली पवनार येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. जैन धर्मातील सर्व पंथांना मान्य व्हावा असा 'समणसुत्तं' हा ग्रंथ १९७४ साली सिद्ध झाला, तोही विनोबांच्याच प्रेरणेने. भिन्न मतांच्या माणसांना एका बैठकीत बसविण्याची ही हातोटी निर्मलाताईंनी त्यांच्याकडून घेतली.

पंजाब आणि काश्मीर हिंसाचाराने पेटलेले असताना निर्मलाताईंनी तेथे शांतियात्रा केल्या. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर भारत-पाकिस्तान संबंध पूर्णतः दुरावले होते. अशा वेळी, मार्च २००० मध्ये, दिल्लीहून एक बस लाहोरला निघाली. तीत सर्व प्रवासी स्त्रिया होत्या. निर्मलाताई आणि युद्धविधवांसाठी आयुष्य वेचणाऱ्या मोहिनी गिरी त्यांचे नेतृत्व करीत होत्या. त्याच वर्षी पाकिस्तानातील भगिनींनी दिल्लीस परतभेट दिली. त्यांच्यात मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या वकील अस्मा जहांगीर अग्रभागी होत्या. या बसने सीमेवरचा प्रश्न सुटला नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या वेळी सरकारे एकमेकांशी बोलत नव्हती त्या वेळी दोन्हीकडच्या स्त्रिया बोलत होत्या, याची नोंद राहिली.

निर्मलाताई दोन वेळा राज्यसभेवर नामनियुक्त झाल्या. २००६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. १ मे २००८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थींचा काही भाग सिंधू नदीत विसर्जित करण्यात आला आणि २००९ मध्ये पाकिस्तानने त्यांना मरणोत्तर सन्मान जाहीर केला. ज्या नदीच्या काठच्या कुटुंबांनी आपल्या शेजारी पिंपरीत आसरा घेतला, त्याच नदीने नागपूरच्या या लेकीला सामावून घेतले.

मुंबई, भिवंडी आणि मोहल्ल्यातील बैठका

महाराष्ट्राच्या अलीकडील इतिहासात डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगली ही खोल जखम आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वेळी मुंबईपासून जवळच असलेले भिवंडी शहर शांत राहिले. १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली अनुभवलेल्या या शहराचे हे शांत राहणे आश्चर्याचे वाटले. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. दोन्ही धर्मांचे सामान्य नागरिक आणि पोलीस नियमाने एकत्र बसत आणि किरकोळ तंटे तेथेच मिटत. 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या आपल्या पुस्तकात खोपडे यांनी हा अनुभव सांगितला आहे.

मुंबईत हा विचार दंगलीनंतर रुजला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने १९९४ च्या सुमारास मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. यांपैकी सुशोभाताईंचे कार्य आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. १९८४ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर रेल्वेने प्रवास करीत असता शीख सहप्रवाशांवर झालेला हल्ला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्या अनुभवाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. मुंबईच्या दंगलीनंतर त्या धारावीसारख्या वस्त्यांतून फिरल्या, दोन्ही बाजूंचे दुःख ऐकत राहिल्या आणि पोलीस व नागरिक यांच्यात संवाद घडवून आणला. पुढे काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंच्या स्त्रियांना एकत्र आणून बोलते करण्याचे कामही त्यांच्या संस्थेने केले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात या समेटाच्या कार्याच्या आठवणी आहेत.

मोहल्ला समित्यांचे कार्य टिकले त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. केवळ एकात्मतेच्या भाषणांसाठी माणसे दर महिन्याला एकत्र येत नाहीत. नळाला पाणी नाही, गटार तुंबले आहे, रेशनचे धान्य मिळत नाही, मुलींच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा नाही, या अडचणींसाठी ती येतात. आणि या अडचणींचा भार प्रत्येक घरात मुख्यतः स्त्रीच्या डोक्यावर असतो. पाण्याच्या रांगेत हिंदू आणि मुसलमान स्त्री शेजारी शेजारी उभ्या असतात. दंगलीनंतर आधी पुन्हा सुरू होते ती हीच रांग. ज्या समितीत स्त्रियांना बोलण्याची मुभा असते, त्या समितीला हे प्रश्न आयते कळतात. कोणत्या घरातला मुलगा रात्री अचानक बाहेर राहू लागला आहे, कोणती अफवा कोठून निघाली, याची चाहूलही स्त्रियांना आधी लागते.

दंगलीनंतरच्या पुनर्वसनात हक्कांचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो. घर जळाले, परंतु घराची कागदपत्रे पतीच्या नावावर. पती दगावला, परंतु मृत्यूचा दाखला नाही. नुकसानभरपाई मंजूर झाली, परंतु धनादेश दिराच्या हाती गेला. अशा अवस्थेतील विधवेला सहानुभूतीपेक्षा अर्ज भरून देणाऱ्या हातांची आणि स्वतःच्या नावावरील बँक खात्याची अधिक आवश्यकता असते. हक्काविना दिलेली मदत कधीही काढून घेतली जाऊ शकते.

जगाने घेतलेली दखल

जे आपल्याकडील कार्यकर्त्या अनुभवाने शिकल्या, त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळावयास विसावे शतक सरावे लागले. ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ एकमताने संमत केला. युद्ध टाळणे, शांततेची बोलणी करणे आणि युद्धानंतर देश उभारणे या प्रत्येक टप्प्यावर स्त्रियांचा समान सहभाग असावा, तसेच संघर्षाच्या काळात त्यांना अत्याचारांपासून विशेष संरक्षण मिळावे, असे या ठरावाने सर्व राष्ट्रांना बजावले. रक्षण आणि सहभाग या दोहोंचा त्यात एकत्र उच्चार झाला. १९४९ च्या आपल्या कायद्यात नेमका यातील दुसरा शब्द नव्हता.

ठरावाने सर्व काही साधले असे मात्र नाही. १९९२ ते २०१९ या काळातील जगातील प्रमुख शांतता-वाटाघाटींत स्त्री प्रतिनिधींचे प्रमाण सरासरी १३ टक्के आणि करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत ६ टक्के इतकेच होते.

तरीही जेथे स्त्रिया आग्रहाने पुढे आल्या, तेथे इतिहास बदलला. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशात १९८९ पासून यादवी चालू होती. २००३ साली राजधानी मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळील मैदानात ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रिया पांढरी वस्त्रे परिधान करून रोज बसू लागल्या. लेमा बोवी ही त्यांची नेत्री होती. घाना देशात बोलणी रेंगाळली, तेव्हा या स्त्रियांनी तेथे जाऊन सभागृहाची दारे अडविली आणि करार होईपर्यंत प्रतिनिधींना बाहेर पडू देणार नाही असे बजावले. १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. २०११ चे शांततेचे नोबेल पारितोषिक या दोघींना आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना विभागून देण्यात आले.

या कथेत भारताचाही एक अभिमानास्पद अध्याय आहे. जानेवारी २००७ मध्ये शंभरहून अधिक भारतीय महिला पोलिसांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यासाठी लायबेरियात दाखल झाली. सर्वस्वी महिलांची अशी ती पहिलीच तुकडी. २०१६ पर्यंत आळीपाळीने या तुकड्या तेथे राहिल्या. रात्रीची गस्त घालणाऱ्या, हाती शस्त्र असलेल्या आणि तरीही शाळकरी मुलींशी मायेने बोलणाऱ्या या स्त्रियांना पाहून तेथील तरुणींनाही पोलीस दलात यावेसे वाटू लागले.

आपल्या अंगणात

एवढा प्रवास करून पुन्हा इंद्रायणीकाठी येऊ. आपल्या परिसरालाही अशांततेची झळ लागलेली आहे. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे आणि ३० जुलै २०१८ रोजी चाकण येथे हिंसाचार झाला. चाकणच्या रस्त्यावर जळालेली वाहने अनेकांनी पाहिली. दोष कोणाचा, हे ठरविण्याचे हे स्थान नाही. विचारावयाचा प्रश्न इतकाच की, दुसऱ्या दिवशी ज्या बैठका झाल्या असतील, त्यांत किती स्त्रिया होत्या? त्या रात्री कामावरून घरी न पोहोचलेल्या मुलाची वाट पाहत दारात उभी असलेली आई त्या बैठकीत होती काय?

व्यवस्था नाहीत असे नाही. १९९३ च्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या आणि २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. सणांपूर्वी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बसते. महिला दक्षता समितीही असते. परंतु बहुधा असे घडते की, हुंड्याचा किंवा नवरा-बायकोच्या भांडणाचा प्रश्न आला की तो महिलांच्या समितीकडे जातो आणि गावाच्या सलोख्याचा प्रश्न आला की तो पुरुषांच्या समितीकडे. घर स्त्रीचे आणि गाव पुरुषाचे, ही वाटणी त्यातून दृढ होते. वास्तविक गाव पेटते तेव्हा आधी घरेच जळतात.

यासाठी करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. शांतता समितीच्या यादीत निम्मी नावे स्त्रियांची असावीत, आणि ती निवडून आलेल्या स्त्रियांबरोबरच बचत गटातील, शाळेतील, कारखान्यातील स्त्रियांची असावीत. बैठकीची वेळ त्यांना सोयीची असावी. तेथे त्यांना केवळ ओवाळण्यासाठी आणि चहापानाच्या व्यवस्थेसाठी पाचारण होऊ नये. संकटानंतर मदत वाटताना ती स्त्रीच्या नावे व्हावी. आणि कोणत्याही पीडित स्त्रीसंबंधी निर्णय घेण्यापूर्वी, तिला प्रथम विचारले जावे.

भगवान महावीरांनी स्थापिलेल्या चतुर्विध संघात साधू आणि श्रावक यांच्या जोडीने साध्वी आणि श्राविका हे दोन समान आधार आहेत. चारांपैकी दोन खांब दुर्लक्षून छप्पर पेलता येत नाही, हे आपल्याला कोणी नव्याने सांगावयास नको. अनेकान्ताची शिकवणही तीच आहे. सत्याच्या अनेक बाजू असतात असे आपण मानतो, तर अर्ध्या समाजाची बाजू ऐकल्याविना झालेला निर्णय पूर्ण कसा मानावा?

ब्राह्मी आणि सुंदरी बाहुबलीकडे गेल्या तेव्हा रणांगण निःशब्द झाले होते आणि सर्वांना वाटत होते की आता काही उरले नाही. उरले होते ते त्या दोघींना दिसले. पिंपरीच्या छावणीतील अनामिक स्त्रिया, नोआखालीतील अम्तुस्सलाम, लाहोरमधील कमलाबेन, वाघा सीमेवरील निर्मलाताई, धारावीतील सुशोभाताई यांनाही ते दिसले होते. आपल्या गावात, आपल्या गल्लीत आजही कोणीतरी अशी आहे, जिला काय उरले आहे ते दिसत असेल. तिच्यासाठी बैठकीत एक जागा ठेवावी आणि तिचे बोलणे संपेपर्यंत इतरांनी ऐकून घ्यावे.